पहिलीच्या वर्गात रोज तेच ते का असतं, आणि घरी त्यातलं काय करावं

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या वर्गाच्या दारात एक आजी आठवडाभर बसून होत्या. नातू पदर सोडायला तयार नव्हता. तो आत पहिल्या ओळीत, त्या उंबऱ्याशी, आणि त्याचं निम्मं लक्ष उंबऱ्याकडे. चौथ्या दिवशी आजींना राहवेना. म्हणाल्या, "बाई, रोज त्येच गानं, रोज तीच हजेरी, रोज त्याच गोष्टीचं पुस्तक. शिकवायला कवा घेनार?"

त्यांनी विचारलं त्यात काही चुकीचं नव्हतं. दर जूनला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. शिकलेले पालक जरा वेगळ्या शब्दांत विचारतात, "सिलॅबस कधी सुरू होणार?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली अकरा वर्षं पहिलीचा वर्ग घेते. गेटपाशी उभ्या उभ्या उत्तर दिलं की ते अर्धवट राहतं, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

सहा वर्षांच्या ओंजळीत किती मावतं

घरी आपण मुलाला सहज सांगतो, "डबा मोरीत ठेव, हातपाय धू, दप्तर खुंटीला लाव आणि येताना आजोबांना चहाला बोलव." मूल डबा ठेवतं आणि तिथेच मोरीतल्या पाण्याशी खेळत बसतं. आई म्हणते, ऐकतच नाही. त्याने ऐकलेलं असतं, पण पुढच्या तीन गोष्टी सांडून गेलेल्या असतात.

माणसाच्या आठवणीचा एक भाग असा असतो की हातातलं काम होईपर्यंत लागणाऱ्या गोष्टी तो धरून ठेवतो. समोरच्याने सांगितलेला फोन नंबर लिहून होईपर्यंत आपण मनात घोळवतो ना, तो हाच भाग. मी त्याला ओंजळ म्हणते. मोठ्या माणसाची ओंजळसुद्धा काही फार मोठी नसते, आणि सहा वर्षांच्या मुलाची तर दोन-तीन गोष्टींतच भरते. वय वाढेल तशी ती मोठी होते. ओरडून ती मोठी होत नाही. उलट मूल घाबरलं की भीतीच ओंजळीत जाऊन बसते आणि बाकी कशाला जागाच राहत नाही. "मारा, पण शिकवा" असं अजूनही काही पालक मला प्रेमाने सांगतात. शाळेत मुलाला मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेलं मूल शिकू शकत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

आता पहिल्या दिवशी वर्गात आलेल्या मुलाचा विचार करा. चप्पल कुठे काढायची, दप्तर कुठे ठेवायचं, पाणी प्यायला विचारून जायचं की नुसतं उठून, शू लागली तर कुणाला सांगायचं, शेजारचा कोण, आई कधी येणार. ओंजळ काठोकाठ भरलेली. त्यात मी फळ्यावर ‘क’ काढला तर तो कुठे राहणार?

म्हणून रोज तेच. चप्पल रोज त्याच भिंतीकडे, जोडी सरळ. दप्तर रोज आपल्याच खुंटीला. गाणं संपलं की पाटी, पाटी पुसून झाली की गोल बसणं. दोन-तीन आठवड्यांत या गोष्टी हाताला आणि पायाला माहीत होतात, डोक्याला त्या धरून ठेवाव्या लागत नाहीत. मग ओंजळ मोकळी होते, आणि मी जे शिकवते ते त्यात राहायला लागतं. आजींना जो वेळ वाया जातोय असं वाटत होतं, त्या वेळात मी ही जागा करून घेत होते.

पहिलीच्या मुलाला घड्याळ येत नाही, ही दुसरी अडचण. ‘आई साडेचारला येईल’ हे वाक्य त्याच्यासाठी अर्थाचं नसतं. आमच्या वर्गात भिंतीवर आडवी दोरी आहे. तिच्यावर दिवसाची चित्रं ओळीने टांगलेली: परिपाठ, गप्पा, अक्षरं, खिचडी, गणित, गोष्ट, खेळ, घर. कपड्यांचा एक लाल चिमटा आहे. एकेक गोष्ट झाली की ज्याची पाळी असेल ते मूल चिमटा पुढच्या चित्राला लावतं. आजींचा नातू पाच दिवस त्या चिमट्याकडे टक लावून बघत होता. सहाव्या दिवशी सकाळी उंबऱ्यापाशी आला आणि आजींना म्हणाला, "खिचडीनंतर गनित, मग गोष्ट, मग खेळ, मग घर. तू जा आता." त्या गेल्या. जाताना डोळे पुसत गेल्या, पण गेल्या.

हजेरीत लपलेलं वाचन

हजेरी मी नावं पुकारून घेत नाही. खोक्यात प्रत्येकाच्या नावाची पुठ्ठ्याची पट्टी असते. आल्यावर आपली पट्टी शोधायची आणि फळ्याशेजारच्या खिशात खोचायची. पहिल्या आठवड्यात पट्टीवर चित्रसुद्धा असतं, नंतर ते काढून टाकते. बहुतेक मुलं आयुष्यात सगळ्यात आधी वाचतात तो शब्द म्हणजे स्वतःचं नाव. एकाच अक्षराने सुरू होणारी दोन नावं असली की भांडण लागतं, आणि त्या भांडणातच "तुझ्यात शेवटी काना आहे, माझ्यात नाही" असं संशोधन होतं. मी मध्ये पडत नाही.

मग मोजायचं. पटावर 27, आज पट्ट्या 23, किती राहिले? गणितमाळेवर 27 मणी सरकवायचे, त्यातले 23 बाजूला करायचे. वजाबाकीचा धडा यायला अजून कितीतरी महिने असतात, पण ती रोज दहा मिनिटं होऊन जाते. आणि न आलेल्या चौघांची आठवणही निघते. कोण आजारी, कोण जत्रेला.

त्यानंतर गप्पा. गोल बसायचं आणि काल घरी काय झालं ते सांगायचं. गाय व्याली, मामा आला, लाईट गेली. बाहेरून बघणाऱ्याला हा टाइमपास वाटतो. मला मात्र दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ हाच वाटतो, कारण मूल जे बोलू शकत नाही ते समजून वाचू शकत नाही. इथे मी घरची बोली अजिबात दुरुस्त करत नाही. "आमच्या इहिरीत कासव पडलं" असं एका मुलीने सांगितलं, तर मी विचारते, "मग काढलं कुणी?" तिने पुढे वहीत ‘इहीर’ असं लिहिलं, तेव्हा मला खरं तर आनंद झाला. तिने स्वतःचा आवाज ऐकला, त्याचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला बरोबर अक्षर दिलं. ‘विहीर’ पुस्तकात भेटेल, तेव्हा ती शिकेल. पण पहिल्याच महिन्यात तिला "असं बोलतात का?" म्हटलं असतं, तर ती गप्पांत बोलायचीच बंद झाली असती. अशी गप्प झालेली मुलं मी दुसरीत, तिसरीत पाहिली आहेत.

वर्ग शांत करायचा तर मी ओरडत नाही, टाळीचा एक ठेका वाजवते आणि मुलं तोच परत वाजवतात. खेळात ‘चिमणी उड’ आणि ‘शिवाजी म्हणतो’ हे दोन खेळ रोज असतात. म्हैस उड म्हटल्यावर वर जाणारा हात आवरणं, ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द नसतील तर हुकूम न पाळणं, हा मनाला लगाम घालायचा सराव आहे. पाटीवर बसून अक्षर पूर्ण करायला नेमका हाच लगाम लागतो.

यातलं काही मी शोधून काढलेलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना तिथली. खडे, पानं, शिंपले, बिया हेच साहित्य. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 वय वर्षं 3 ते 8 हा सलग एकच पायाभूत स्तर मानतं, म्हणजे अंगणवाडी, पहिली आणि दुसरी ही एकच वाट. पहिलीच्या सुरुवातीचे 12 आठवडे खेळातून तयारी करून घेणारा ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रमही त्यातूनच आला. तेव्हा जून ते सप्टेंबर वह्या कोऱ्या दिसल्या तर घाबरू नका.

‘कमळ’ वाचताना डोक्यात काय होतं

आपण मोठी माणसं वाचायला कधी शिकलो ते विसरून गेलो आहोत, त्यामुळे ते किती अवघड आहे हेही विसरलो आहोत.

क, म, ळ. सुटं म्हणताना प्रत्येक अक्षराच्या पोटात एक ‘अ’ असतो. पण शब्द म्हणताना शेवटच्या ळ मधला अ आपण गिळतो. लिहितो तीन अक्षरं, बोलतो ‘क-मळ’. म्हणूनच मूल ‘घ’ म्हणतं, ‘र’ म्हणतं, दोन्ही जोडून ‘घरऽ’ असं काहीतरी लांबट म्हणतं आणि थांबतं. त्याला तो आवाज ओळखीचा वाटत नाही. मग एकदम डोळे मोठे होतात, "घर!" ही उडी त्याला मारता येते, कारण घर हा शब्द त्याच्याकडे बोलण्यात आधीपासून आहे. शब्दच अनोळखी असेल तर उडी मारून पोचायचं कुठे? ‘यज्ञ’, ‘ऋषी’ असे तक्त्यावरचे शब्द इथे मुलाला काहीच मदत करत नाहीत.

अ आ इ ई, क ख ग घ हा क्रम अतिशय सुंदर आहे. तोंडात जीभ कुठे लागते त्यावरून तो लावलेला आहे. पण वाचनाची सुरुवात त्या क्रमाने केली तर ज्ञ येईपर्यंत मुलाच्या हाती एक धड वाक्य लागत नाही. त्याऐवजी क, म, र, ल, न आणि काना एवढंच घ्या. मका, काका, मामा, नाक, कान, काम, रान, मला, लाल, कमान, किती शब्द झाले बघा. माझ्या वर्गात थोड्याच दिवसांत मुलं ‘मामाला मका’ वाचतात आणि दिवसभर एकमेकांना म्हणून दाखवतात. अक्षरं गटागटाने, काना-मात्रेसकट आणि अर्थासकट शिकवायची ही रीत मराठी शाळांत अनेकांनी घडवली आहे. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने या विषयात वर्षानुवर्षं काम केलं आहे.

आपल्या लिपीच्या काही खोड्या पालकांनी माहीत करून घ्याव्यात. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते. डावीकडून वाचत निघालेलं मूल तिथे अडखळणारच. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ड आणि इ या जोड्या एका दमात शिकवल्या की त्यांचा गोंधळ पक्का होतो, म्हणून आम्ही त्यांच्यात मुद्दाम काही आठवड्यांचं अंतर ठेवतो. आणि ‘ल’ बघा. राज्य सरकारने 2022 मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं वापरावीत असं ठरवलं. फळ्यावर मूल ते शिकतं, आणि घरी मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा दंडाचा ल बघतं. "हा पण ल आणि तो पण ल" एवढं सांगितलं तरी पुरतं. पण कुणीतरी सांगायला हवं.

आता परत ओंजळ. मूल ‘शेतात बैल आहे’ वाचतं तेव्हा शे… ता… त… बै… करत शेवटाला पोचेपर्यंत ‘शे’ सांडलेला असतो. मग "काय वाचलंस?" म्हटलं की गप्प. त्याला समज नाही असं नव्हे, एकेक अक्षर ओळखण्यातच सगळी ताकद संपलेली असते. अक्षरं झटकन ओळखू यायला लागली की अर्थासाठी जागा होते. यावर इलाज एकच, तेच पान पुन्हा पुन्हा वाचणं. आजींच्या त्या तक्रारीतलं ‘रोज त्याच गोष्टीचं पुस्तक’ याच्यासाठी होतं.

पालक म्हणतात, "तो वाचत नाही बाई, पाठ झालंय त्याचं." होऊ द्या. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून म्हणायला लावा. मग मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, "हे काय?" सांगता आलं तर पाठांतराचं वाचन व्हायला लागलं आहे.

वर्षाअखेर कुठवर जायचं? लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि गणिताचा पाया यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 मध्ये सुरू झालं. त्यात पहिलीच्या शेवटी अपेक्षा आहे ती न पाहिलेल्या मजकुरातली चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं अर्थासह वाचता येण्याची, आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येण्याची. एवढंच. जोडाक्षरांचा परिच्छेद धडाधड वाचणं हे पहिलीचं काम नाही. शेजारच्या मुलाला येत असेल, तर चांगली गोष्ट आहे.

पंचेचाळीसचे चोपन्न का होतात

गणितात आपल्या भाषेने मुलांपुढे एक खास कोडं टाकलेलं आहे. ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी येतात, चाळीस नंतर. लिहिताना मात्र 4 आधी. मूल जे ऐकतं ते इमानाने लिहितं, 54. त्याला आपण चूक म्हणतो. ‘एकोणतीस’ मध्ये तर तीस ऐकू येतं आणि लिहायचा असतो 2. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे सांगितल्याशिवाय कळायचं कसं? एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो आणि नव्व्याण्णवला आल्यावर मोडतो.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा नेमकी हीच अडचण समजावून सांगितली होती. आपली संख्यानावं जपायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वर्गात मी पहिले काही दिवस दोन्ही म्हणून घेते: "दोन दशक, एक सुटा, वीस आणि एक, एकवीस." काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबरबँड लावून केलेले असतात. दोन गठ्ठे आणि एक काडी हातात धरली की 12 आणि 21 मधला फरक मुलाला वजनानेच कळतो. घरी हे करायला काही विकत आणावं लागत नाही. खराट्याच्या काड्या, चिंचोके, काहीही चालतं.

मुलाला शंभरपर्यंत घडाघडा म्हणता येतं म्हणून संख्या कळल्या, असं मात्र धरू नका. "सतरा चिंचोके दे" म्हणा आणि किती देतो ते बघा.

मग घरी काय करायचं

पालक सभेत सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. पुढचा प्रश्न असतो, कोणती वही आणू, कोणती शिकवणी लावू. राष्ट्रीय दप्तर धोरण 2020 नुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन 1.6 ते 2.2 किलोच्या आत हवं. तरी काही घरांत संध्याकाळी पानं भरून ‘अ’ गिरवून घेतलेला असतो. पहिल्या ओळीत अ असतो, पाचव्या ओळीत त्याचा आकार बिघडतो, दहाव्या ओळीत हात दुखून आलेला असतो. मनगटातली आठ लहान हाडं या वयात अजून पूर्ण टणक झालेली नसतात, बोटांत ताकद यायची असते. ती ताकद पेन्सिलने येत नाही. भाकरीच्या पिठाचा गोळा मळणं, मटार आणि शेंगा सोलणं, गजऱ्यासाठी फुलं ओवणं, ओले कपडे पिळणं, यातून येते. भुईमूग काढणीच्या दिवसांत माझ्या वर्गातली अक्षरं सुधारतात, असं मी म्हणते तेव्हा सहकारी हसतात, पण माझं निरीक्षण खरंच तसं आहे.

घराला दुसरी शाळा करू नका. घरात जे चालतं त्यालाच एक ठरलेला क्रम द्या. वर्गातल्यासारखा: आल्यावर दप्तर त्याच खुंटीला, हातपाय, खाणं, मनसोक्त खेळ, मग पंधरा मिनिटं एकत्र, मग जेवण, मग गोष्ट, मग झोप. घड्याळ लावून नव्हे, एकामागून एक काय ते ठरलेलं असावं. रोजची वादावादी यानेच निम्म्यावर येते, कारण "आता अभ्यासाला बस" हे सांगणारे तुम्ही उरत नाही, तो क्रमच सांगतो.

त्या पंधरा मिनिटांत काय? मुलाने तुम्हाला वाचून दाखवायचं, किंवा तुम्ही त्याला. अडला तर लगेच सांगू नका, मनात पाच मोजा. नाही जमलं तर सांगून टाका आणि पुढे चला. एका वाक्यात तीन-चार वेळा अडत असेल तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी अवघड आहे, सोपं घ्या.

आमच्याकडे बऱ्याच आया म्हणतात, "बाई, मला कुठं वाचता येतंय?" त्यांना मी सांगते, तुम्हाला ऐकता येतं ना? चुलीपाशी बसून लेकीला म्हणा, आज बाईंनी कोणती गोष्ट सांगितली ती सांग. मग काय झालं? त्याने असं का केलं? लेकीला घटना क्रमाने लावाव्या लागतात, शब्द शोधावे लागतात, आणि पुढे धडा समजायला नेमकं हेच लागतं. राज्यात शाळापूर्व तयारीसाठी गावोगावी माता गट केले गेले, त्यांना घरी करायच्या कृतींची कार्डं दिली गेली, ती याच भरवशावर. आमच्या गावच्या गटात अंगठा लावणारी एक आई आहे. तिला जात्यावरच्या ओव्या इतक्या येतात की तिच्या मुलाला यमक शिकवायची मला गरजच पडली नाही. टाळी वाजवून शब्द तोडायला सांगितले तर ‘का-क-डी’, ‘पा-य-री’ करण्यात तो वर्गात सगळ्यांच्या पुढे होता. आवाज असे सुटे ऐकू येणं हा वाचनाचा पाया आहे, आणि तो अक्षरं यायच्या आधी, कानाने घातला जातो. एसटीत बसल्यावर गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा, स्वयंपाकघरात ‘क’ ने सुरू होणाऱ्या पाच वस्तू शोधायला लावा. तेवढ्यात पोळ्या होतात.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तरी हे सगळं मराठीतच करा. तिथल्या मुलांना घरी मोडकं-तोडकं इंग्रजी बोलून मदत होत नाही. ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवून सांगता येते, ‘का’ ला ‘कारण’ देता येतं, त्या भाषेत मुलाचा विचार वाढतो. पुढे तो दुसऱ्या भाषेतही कामाला येतो.

झोपेबद्दल मी जरा कडक बोलते. सहा वर्षांच्या मुलाला रात्रीची किमान नऊ तास झोप हवी, जास्त असली तर उत्तमच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारने 2024 मध्ये घेतला, तो झोपेसाठीच. पण घरात मालिका आणि मोबाइल अकरापर्यंत चालू असेल तर शाळा दहाला भरूनही उपयोग नाही. पेंगणारं मूल मला हजेरीच्या वेळीच कळतं. त्याला स्वतःची पट्टी सापडत नाही.

काळजी केव्हा करायची

दिवाळीच्या सुट्टीनंतरही मुलाला स्वतःचं नाव ओळखता येत नसेल, दोन शब्दांचा पहिला आवाज सारखा आहे का हे कळत नसेल, किंवा शिकलेली पाच अक्षरं दर आठवड्याला नव्याने शिकवावी लागत असतील, तर शिक्षकांशी बोला. "पुढं येईल आपोआप" म्हणून सोडून देऊ नका आणि शेजाऱ्यांसमोर बोलू नका. काही मुलांना जास्त वेळ लागतो, काहींना वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. जितकं लवकर कळेल तितकं त्या मुलाचं हसू टिकतं.

पण त्याही आधी डोळे आणि कान तपासा. माझ्या वर्गात एक मुलगी होती. गप्पांत हुशार, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगायची, पण फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की शेजारणीच्या पाटीत बघायची. मी तिला दोन महिने ‘लक्ष दे’ म्हणत राहिले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, डॉक्टरांनी भिंतीवर तक्ता लावला आणि तिला वरून दुसरी ओळसुद्धा दिसेना. मुलांना तक्रार करता येत नाही, कारण सगळ्या जगाला असंच धूसर दिसतं असं त्यांना वाटत असतं. चष्मा आला त्या दिवशी ती आपल्या जागेवर बसली आणि भिंतीवरच्या दोरीकडे बघून म्हणाली, "बाई, त्या खिचडीच्या चित्रात वाटाने पन हायेत."

हे पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी शेतात काम असलं, पाहुणे आले असले, तरी मुलाला शाळेत पाठवा.